तानबाजी कोतवालांची झोप

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथले लोक आंजीच्या बाजाराला जातात, एवढ्यावरून वर्धेकडच्या माणसाला अंदाज आलाच तर येऊ दे. सन पंचावन्न ते अठ्ठावन्न मी त्या गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर गुरुवारी सायकलवर यायचे, तेही रस्ता कोरडा असला तर. उरलेले सहा दिवस गावाचा डॉक्टर मीच. विशी-पंचविशीतलं वय, अंगात पांढरा कोट, नाव सदाशिवराव. त्यातला 'राव' मी स्वतःच चिकटवलेला. लोक 'बाबू' म्हणायचे आणि मी सुखावायचो. माझी जीभ तेव्हा फार सैल होती. रोग्याला हसवलं की अर्धं औषध पोटात गेलं, असं माझं मत होतं आणि ते मी कोणालाही ऐकवत असे. हे मत तानबाजींना फार महाग पडलं, म्हणून हे लिहितो आहे.

तानबाजी चाळीस वर्षं त्या गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला कोणी मोठा अधिकारी वाटेल. आमच्याकडे कोतवाल म्हणजे चावडीचा राबता माणूस. साहेब आला की त्याचं सामान वाहायचं, पाटलाचा निरोप घरोघर पोचवायचा, दवंडी द्यायची आणि रात्री पहारा द्यायचा. रात्रीचे चार पहारे. प्रत्येक पहाऱ्याला काठी आपटत गावाला एक फेरा आणि 'होशियाऽर' अशी लांब हाक. झोपलेल्या माणसाला होशियार राहायला सांगणं हा प्रकार मला गमतीचा वाटे. पण ती हाक ऐकली की लोक कूस बदलून आणखी गाढ झोपत, हेही खरं. ज्याच्या जिवावर गाव झोपायचं त्याला गाव काय म्हणायचं? तान्या. चार वर्षांचं शेंबडं पोरही 'ए तान्या' म्हणे, साठी ओलांडलेल्या माणसाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही कबूल करून टाकतो.

छप्पन्नच्या दसऱ्याला तानबाजी आपल्या मोहल्ल्यातल्या लोकांबरोबर नागपूरला गेले आणि बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले. आले ते पांढऱ्या स्वच्छ धोतर-सदऱ्यात. दुसऱ्या दिवशी चावडीवर गेले, कोतवालीचा पट्टा आणि काठी पाटलांपुढे ठेवली आणि म्हणाले, "दुसरा माणूस पाहा, पाटील." एवढंच. चाळीस वर्षांत चावडीवर त्यांनी स्वतःचं म्हणून बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं. पुढच्या महिन्यात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. त्याची गावात जेवढी चर्चा झाली त्याच्या दसपट त्या काठीची झाली.

मोहल्ल्यात मात्र ते त्या दिवसापासून तानबाजी झाले. अक्षरओळख नव्हती, पण पाली भाषेतली पाचही शीलं त्यांनी महिन्याभरात तोंडपाठ केली. दर पौर्णिमेला बापूरावांच्या अंगणात सगळे जमत. बापूराव म्हणजे तानबाजींचे पुतणे. सातवी पास, तिशीचे, आणि मोहल्ल्यात त्यांचा शब्द चाले. पण शील द्यायचं ते तानबाजींनीच. सर्वांपुढे ते उभे राहत, पाय जुळवून, हात जोडून, डोळे मिटून. ते एकेक शील म्हणत आणि बाया, माणसं, लेकरं मागून म्हणत. मी एकदा रस्त्यावरून ऐकलं होतं. दवंडीने कमावलेला आवाज, पण दवंडीसारखा ओरडा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हुकूम ओरडून सांगितलेल्या माणसाला आता स्वतःच्या मनाचं काही म्हणायला लोकांपुढे उभं राहता येत होतं. जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं, नोकरी त्यांनीच सोडली होती. पौर्णिमेला उभं राहण्याची ती जागा हीच त्यांची सगळी मिळकत होती.

नोकरी सुटली, पण पहारा काही सुटेना. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची बायको धुरपताबाई त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या.

"बाबू, याइले झोपेचं काई द्या," त्या म्हणाल्या. "रातभर येरझारा करून राह्यले. मलेही झोपू देत नाई."

मी तानबाजींना विचारलं, "काय हो, काय होतं?"

"होत काई नाई," ते म्हणाले. "डोळा लागते. मंग पहाऱ्याची येळ झाली का आपोआप उघडते. हात काठीले जाते अन् काठी नाई. मंग आठवते का आपण सोडली. पण मंग झोप येत नाई. उठतो अन् गावाले एक फेरा मारून येतो, तवा कुठी जिवाले बरं वाटते."

"आणि दिवसा?"

"दिवसा बसल्या बसल्या मान पडते."

आमच्याकडे झोपेवर एकच औषध होतं, ब्रोमाइडचं. खारट पाणी, चव सुसह्य व्हावी म्हणून त्यात वेलदोड्याचा अर्क. बारा डोसांची बाटली आणि तिच्या अंगाला चिकटवलेली, कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस. लोक तिला खूण म्हणत. बाटली भरता भरता माझी जीभ वळवळली.

"चाळीस वर्षं तुम्ही पहारा दिला, तानबाजी. आता हे औषध देईल. पहाऱ्याला एक खूण घ्या आणि खुशाल पाय ताणून झोपा."

धुरपताबाई हसल्या. तानबाजी हसले नाहीत. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि दवंडीचा मजकूर पक्का करून घ्यावा तसं म्हणाले, "पहाऱ्याले एक खूण. बरं."

तीन-चार दिवसांनी धुरपताबाई रिकामी बाटली घेऊन आल्या त्या हसतच. "झोपले, बाबू. घोरले बी." मला केवढा आनंद झाला. गुरुवारी मी डॉक्टरांपुढे बढाई मारली. पुढे आखाड लागला, तापाची साथ आली आणि दवाखान्याच्या ओट्यावर बाटल्यांची रांग लागू लागली. तानबाजींची बाटली दर तीन दिवसांनी त्या रांगेत असे. मला ते दिसत होतं. मी समजलो, धुरपताबाईही घेत असतील. त्या काळी एका बाटलीवर अख्खं घर निभायचं. विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, भरून दिली.

मग एकेक गोष्ट कानावर यायला लागली. तानबाजी नाल्याच्या उतारावर पडले. दुसऱ्यांदा पडले ते सपाट रस्त्यावर, भर दुपारी, पानठेल्यासमोर. पाय फेंगडे टाकून चालतात, बोलताना जीभ जड पडते, हाक मारली की जरा वेळाने वळून बघतात. पानठेल्यावर बसणाऱ्यांना तर आयतं कोलीत मिळालं. "कोतवालाले चढली," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तेव्हा ते हसणंच होतं. पण मग कोणाला आठवलं की तानबाजी रात्री-अपरात्री गावाबाहेर फिरताना दिसतात. नाल्याच्या वरच्या अंगाला चोरून मोहाची भट्टी लागते हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दारूबंदीचा जिल्हा, दारू प्यायलेला माणूस सापडला तर शिपाई धरून न्यायचा. म्हणजे आता ती नुसती चेष्टा राहिली नाही.

धुरपताबाई एकट्याच आल्या. ओट्यावर बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"बाबू, हे घरातल्या घरात भिंतीले हात लावून चालते. काल चुलीवर पडता पडता वाचले. मले तर त्याइच्या मांगं मांगं फिरा लागते. काय झालं असन?"

"वय झालं," मी म्हणालो. "वात असतो या वयात."

"पेत नाई ना ते, बाबू? तुमाले वास समजते."

हे विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या बाईला हे एका परक्या पोराला विचारावं लागलं. "छे," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातली बाटली घेऊन ती काठोकाठ भरून दिली.

श्रावणातल्या पौर्णिमेला जे झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. नेहमीप्रमाणे अंगणात सगळे जमले. तानबाजी पुढे आले, पाय जुळवले, हात जोडले. डोळे उघडे होते तोवर थोडं इकडे तिकडे झालं, पण उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. पहिल्या शीलालाच ते झाडाच्या फांदीसारखे हलायला लागले. लोक मागून म्हणत होते, पण एकमेकांकडे बघत म्हणत होते. पाचव्या शीलापर्यंत ते कसेबसे पोचले. दारू न पिण्याचं शील तोंडात असतानाच त्यांचा तोल गेला आणि ते समोरच्या मेणबत्त्यांवर आडवे झाले. बापूरावांनी धावून उचललं. उचलताना त्यांच्या तोंडाला काहीतरी उग्र, दारूसारखा वास आला. तो बापूरावांनी ओळखला, म्हणजे त्यांना तसं वाटलं.

बापूराव वाईट माणूस नव्हते. नवा धर्म, वर्षही झालेलं नाही, आणि सारं गाव टपून बसलेलं की हे लोक कधी घसरतात. त्यांच्याही मनाला घोर होता. त्यांनी तानबाजींना बाजूला घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "काकाजी, पुढच्या बारीले शील तुमी देऊ नोका. लोकायचं तोंड मी कसं धरू?"

"मी पेलो नाई," तानबाजी म्हणाले.

तानबाजी धुरपताबाईंचा खांदा धरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत ते ओट्यावर येऊन बसले होते. कपाळावर मेणाचा चटका होता. मी कुलूप काढलं तसे भिंत धरून उठले.

"बाबू, एक विचारतो. माणूस न पेता बहकते का?"

मी त्यांच्या कपाळावरचा चटका बघायला वाकलो.

"मले मरायचा भेव नाई," ते म्हणाले. "पण मी उभा राह्यतो अन् जमीनच खाली राह्यत नाई. मले माहाच भरोसा वाटत नाई आता. रात्री कुठी जातो ते मले सकाळी आठवत नाई. झोपीत जाऊन पेऊन तर येत नसन मी? तुमी सांगा."

त्या प्रश्नाने मात्र माझी झोप उडाली. पिऊन आलो असेन अशी शंका त्या माणसाला स्वतःचीच यायला लागली होती. मी त्यांना आत नेलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मला काहीच कळलं नाही. पांढऱ्या कोटाचा तो सगळा रुबाब क्षणात गळून पडला. डॉक्टर यायला चार दिवस होते आणि रस्त्यावर गुडघाभर चिखल. मी दवाखान्याला कुलूप लावलं, एक बैलबंडी ठरवली आणि धुरपताबाईंना घेऊन आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्याकडे निघालो. निघताना बापूरावांना निरोप धाडला होता. ते आले नाहीत.

बंडीत तानबाजी आडवे पडले होते आणि डोळे सताड उघडे होते. चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही हातांनी बंडीची कडेची फळी धरायचे, आडवा झालेला माणूसही पडू शकतो अशी भीती असल्यासारखे. मी सगळा रस्ता मनात रोगांची नावं घेत होतो. अर्धांगवायू, मेंदूची गाठ, काय काय. माझी बाटली मात्र एकदाही आठवली नाही.

तिथले डॉक्टर पन्नाशीचे, खादीतले, हळू बोलणारे होते. त्यांनी तानबाजींना काही न विचारता आधी मोकळ्या जागेत उभं केलं.

"पाय जुळवा. हात जोडा. आता समोरच्या खिडकीकडे बघत राहा."

तानबाजी हलत होते, पण उभे होते.

"आता डोळे मिटा."

डोळे मिटताच ते गेले. डॉक्टर हात पसरून तयारच होते. त्यांनी झेललं आणि बाकावर बसवलं. धुरपताबाई तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या. पौर्णिमेला जे अंगणात झालं तेच इथे परत झालं होतं, पण इथे कोणी तोंड फिरवलं नाही.

"पितात का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"काही घेतात का? औषध वगैरे?"

धुरपताबाईंनी गाठोड्यातून बाटली काढली. डॉक्टरांनी बूच उघडून हुंगलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि तानबाजींना विचारलं, "हे कसं घेता?"

"बाबूनं सांगतल्यापरमाणं. पहाऱ्याले एक खूण."

"पहाऱ्याला म्हणजे?"

तानबाजींनी चार बोटं वर केली. "रातीचे चार पहारे, साहेब. सांजचा, अध्या रातीच्या आंधीचा, अध्या रातीनंतरचा अन् पहाटचा. एक बी पहारा चुकवला नाई."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती मी तेव्हा अनुभवली. पहारा म्हणजे रात्र, असा माझा हिशेब. बोलायची एक लकब. ज्याने चाळीस वर्षं चार-चार वेळा उठून तो दिला त्याला पहारा म्हणजे पहारा. झोपेचं औषध घेण्यासाठी हा माणूस अडीच महिने रात्री चार वेळा जागा झाला होता. आणि मी सांगितलं म्हणून.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे औषध मिठासारखं अंगात साचत जातं," ते म्हणाले. "जीभ जड, चाल वेडीवाकडी, डोकं सुन्न, सगळं त्यानेच. उभं राहणं हे काम असतं, बाबा. डोळे, कानाच्या आतला तोल आणि तळपाय मिळून ते करतात. या वयात तिघंही थकलेले असतात आणि जागरणाने आणखी ढिले पडतात. तुम्ही वर हे ओतलंत. डोळे मिटले की उरलेल्या दोघांच्याने भार पेलवत नाही. औषध आजपासून बंद. भरपूर मीठ-पाणी द्या. महिना-दीड महिना लागेल."

"आणि झोप?"

"चाळीस वर्षांची जाग बाटलीने जात नसते. दुपारी झोपू देऊ नका, दिवसा चालवा. रात्री जाग आली तर येऊ दे. उठून बसावं, भिंतीला टेकून. गेली झोप तर गेली. आणि उभं राहताना पाय अंतरावर ठेवा म्हणावं, डोळे उघडे."

परतताना बंडीत मी दोघांना सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तानबाजी ऐकत होते; त्या वेळी त्यांच्या डोक्यात किती शिरलं देव जाणे.

"म्हणजे हे पेत नोते," धुरपताबाई म्हणाल्या.

"नाही."

"मंग तुमी हे बापूरावच्या आंगणात सांगान का, बाबू? सगळ्यायपुढं?"

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. हे मला अजून लाजवतं. गावात पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला होता: कोणी वर अर्ज केला तर माझी नोकरी जाणार. कंपाउंडरने म्हाताऱ्याला विष पाजलं, असंच लोक म्हणणार. आज जाऊ, उद्या जाऊ. पोळा गेला, भादव्यातली पौर्णिमा गेली. त्या पौर्णिमेला शील बापूरावांनी दिलं. तानबाजी गेले होते, मागे भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. दर दोन दिवसांनी धुरपताबाई दवाखान्यावरून जात, माझ्याकडे एकदा बघत आणि पुढे जात. त्यांनी परत कधी विचारलं नाही. मला रोज वाटे, आज विचारतील. मी रात्री अंथरुणावर पडून त्यांना काय काय उत्तरं द्यायचो.

तानबाजी मात्र सुधारत होते. सकाळी धुरपताबाई त्यांना नाल्यापर्यंत चालवायच्या. जीभ मोकळी झाली. आश्विनात ते एकटे चालायला लागले. पण आता चालले काय नि बसले काय, गावाच्या लेखी ते पिणारे होते. उलट लोक म्हणायला लागले, बापूरावाने चारचौघांत टाकलं तेव्हा कुठे सुधरला.

हे मी पानठेल्यावर ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं. दसरा दोन दिवसांवर होता.

दसऱ्याला दीक्षेचं वर्ष भरलं म्हणून बापूरावांच्या अंगणात सगळा मोहल्ला जमला होता. त्या मोहल्ल्यात मी पूर्वी जात असे तो पिशवी घेऊन, रोगी बघायला, आणि घोटभर पाणीही न पिता परत. आज मला बसायला सतरंजी टाकली. मी बसलो नाही. बसलो असतो तर उठवलं नसतं. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाटली, खूण, पहारा, सेवाग्रामचे डॉक्टर, आणि दोन महिने तोंड दाबून बसलेला मी. पहाऱ्याची गोष्ट आली तेव्हा एकदोन बाया हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. बापूराव जमिनीकडे बघत होते. माझं बोलणं संपलं. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा मागून तानबाजी म्हणाले, "बाबू, त्या औषधाले वास काह्यचा होता?"

'वेलदोड्याचा' हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते खोटंही नव्हतं. सगळ्यांना तेच हवं होतं आणि विषय तिथे संपला असता.

"वेलदोड्याचा," मी म्हणालो. "पण तो अर्क स्पिरिटमध्ये काढतात."

"इस्पिरिट म्हणजे?"

"दारूच म्हणा. फार थोडी. सगळ्याच औषधांत असते."

"पण होती."

"होती."

तानबाजी भिंतीला हात लावून उठले.

"मंग मी पेलो," ते म्हणाले. "मले म्हाईत नोतं, हे खरं. पण अडीच मह्यने पोटात गेली, हे बी खरं. बापूराव, पाचवं शील मले पुन्हा दे."

"काकाजी, औषधाचा काय दोष," कोणीतरी म्हणालं. तानबाजींनी तिकडे पाहिलं नाही. ते बापूरावांकडे बघत उभे होते.

बापूरावांना उठायला वेळ लागला. उठले, आणि काकांपुढे येऊन हात जोडून उभे राहिले.

"देतो, काकाजी. पण आंधी तुमी आमाले चवथं द्या."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं.

"तुमी पेता असं आमी घरोघरी सांगतलं," बापूराव म्हणाले. "पेताना पाह्यलं कोणीच नोतं. अन् सगळ्यायच्या आंधी मीनंच सांगतलं."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, मग तिच्यामागचे, मग सगळेच. तानबाजी लोकांतून वाट काढत पुढे गेले. धुरपताबाई बायांत उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन हात दिला नाही, नुसत्या बघत राहिल्या. ते पुढे जाऊन वळले, दोन पायांत अंतर ठेवून उभे राहिले आणि डोळे उघडे ठेवून त्यांनी चौथं शील म्हणायला सुरुवात केली. सगळे मागून म्हणू लागले.

'वय झालं, वात असतो' हे काही ठाऊक नसताना धुरपताबाईंना मीच सांगितलं होतं. मला पालीचा एक शब्द येत नव्हता. तानबाजी पुढे म्हणत गेले, तसा मीही सगळ्यांच्या मागून म्हणत गेलो.